जप्ती पोचते तिथे नोटीस का पोचत नाही?

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली दिले जाणारे एकतर्फी वसुली दाखले.

महोदय,
स. न. वि. वि.

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला आपल्यावर दावा झाला होता हे कळतं कुणाकडून? बऱ्याचदा ऑफिसात पगारबिलं काढणाऱ्या क्लार्ककडून. "अहो, तुमच्या पगारावर जप्ती आलीये, बघा जरा," असं तो टेबलाशी बोलावून हळूच सांगतो, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. मग माणूस रजा टाकून पतसंस्थेत जातो, तिथून निबंधक कार्यालयात जातो आणि हातात एक झेरॉक्स घेऊन माझ्यासारख्या वकिलाकडे येतो. झेरॉक्सवर लिहिलेलं असतं की जाब देणार क्रमांक 2 (म्हणजे जामीनदार) यांना नोटीस देऊनही ते हजर राहिले नाहीत, सबब त्यांच्याविरुद्ध एकतर्फी चौकशी करून दाखला देण्यात येत आहे. जाब देणार क्रमांक 2 समोर बसलेला असतो आणि विचारत असतो, "कुठली नोटीस?"

मी तालुक्याच्या कोर्टात आणि सहकार न्यायालयात वकिली करतो. पतसंस्थांची वकीलपत्रं घेतो आणि कर्जदारांचीही घेतो. त्यामुळे हे पत्र बुडव्यांची तळी उचलायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पतसंस्थेत पैसा असतो तो ठेवीदाराचा. भाजीवाली, निवृत्त शिक्षक, पोरीच्या लग्नासाठी पिग्मी भरणारा सलूनवाला. कर्ज वसूल झालं नाही तर आधी हीच माणसं मरतात, आणि या राज्यात ती कशी मेली हे तुमच्या कार्यालयाइतकं कुणालाच माहीत नाही. वसुलीला जलद रस्ता हवा म्हणून, निबंधकांच्या दाखल्यावरच वसुली करता यावी असं कलम 101 कायद्यात आलं, ते योग्यच झालं. दिवाणी कोर्टात दावा लावून बसलं तर ठेवीदाराची एक पिढी जाईल.

माझं म्हणणं एवढंच आहे की या जलद रस्त्यावर समोरच्याला हाक मारायची पद्धत पार ढिली झाली आहे, आणि ती ढिली झाल्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

अलीकडेच माझ्याकडे आलेल्या एका जामीनदाराचं सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. तिच्याइतक्याच बऱ्यावाईट संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. हा गृहस्थ मुंबईत एका सरकारी खात्यात शिपाई. चाळीतल्या शेजाऱ्याने रिक्षासाठी कर्ज घेतलं, याने जामीनकतब्यावर सही केली. दोन वर्षांनी चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाडं पांगली, हा बदलापूरला भाड्याने गेला. पुढे हप्ते थकले. पतसंस्थेने 101 खाली अर्ज केला आणि नोटीस पाठवली ती चाळीच्या पत्त्यावर, खोली क्रमांकासकट. त्या जागी तेव्हा पायासाठी खोदलेला खड्डा होता. पोस्टमनने 'लेफ्ट' असा शेरा मारून पाकीट परत केलं, त्यात त्याचं काही चुकलं नाही. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली, मग एकतर्फी दाखला झाला, मग जप्ती.

जप्तीचा कागद मी स्वतः पाहिला. त्यावर जामीनदाराचं पूर्ण नाव होतं, हुद्दा होता, खातं होतं, कार्यालयाचा मजलासुद्धा होता आणि कर्मचारी क्रमांक एका आकड्याचाही फरक न होता बरोबर होता. एवढी चोख माहिती संस्थेने आणली कुठून? कर्जाच्या फायलीतून. जामीन घेतानाच पगाराचा दाखला आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेतली जाते. ती कागदपत्रं पहिल्या दिवसापासून फायलीत टाचलेली असतात. म्हणजे हा माणूस रोज सकाळी दहा ते सहा कुठे सापडतो, हे संस्थेला कर्ज देतानाही माहीत होतं, नोटीस काढतानाही माहीत होतं आणि जप्ती काढतानाही. फक्त नोटीस काढताना त्या कागदाकडे कुणी पाहिलं नाही.

महोदय, माझं सगळं पत्र या एका प्रश्नात आहे. जप्तीचा कागद ज्या पत्त्यावर बिनचूक पोचतो, त्याच पत्त्यावर नोटीस का पाठवली जात नाही?

आता कुणी म्हणेल, सही केली होती ना, मग पैसे भरायला हवेतच. नोटीस मिळून काय वेगळं झालं असतं? भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे खरं. पण त्याच कायद्यात 133 आणि 141 ही कलमंही आहेत, आणि या प्रकरणात दोन्ही बोलली असती. मूळ कर्ज थकल्यावर संस्थेने नवंजुनं केलं होतं. जुनं खातं बंद, नवं खातं चालू, व्याजाचा दर वाढलेला, आणि नव्या कागदावर जामीनदाराची सही नाही. जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या तर त्यापुढच्या व्यवहारातून तो मोकळा होतो, असं 133 सांगतं. शिवाय संस्थेने रिक्षा ओढून आणून विकली होती. कितीला विकली, कुणाला विकली, लिलावाआधी जामीनदाराला विचारलं का, काही पत्ता नाही. खातेउताऱ्यात तिची रक्कम जमा दिसते ती विक्रीनंतर कित्येक महिन्यांनी, आणि मधल्या काळातलं व्याज पूर्ण रकमेवर लावलेलं. धनकोने तारण हातचं घालवलं किंवा जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडून दिलं, तर त्या किमतीपुरता जामीनदार सुटतो, असं 141 म्हणतं. कर्जदाराची पिग्मीची शिल्लक आणि शेअर्सची रक्कम वळती केली का, हा प्रश्न वेगळाच.

यातला प्रत्येक मुद्दा जामीनदार जिंकलाच असता असं मी म्हणत नाही. पण निबंधकांसमोर यातलं काही आलंच नाही. त्यांच्यासमोर होता फक्त संस्थेने काढलेला खातेउतारा, आणि त्यावर बोट ठेवणारं कुणी नव्हतं. एकतर्फी प्रकरणात हेच होतं. तिथे खोटं सिद्ध होतं असं नव्हे, पण काहीच तपासलं जात नाही, आणि न तपासलेल्या आकड्यावर सरकारी शिक्का बसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये बलराज तनेजा खटल्यात दिवाणी कोर्टांना बजावलं आहे की प्रतिवादीचं म्हणणं दाखल झालं नाही म्हणून डोळे मिटून निकाल देऊ नका, वादीने आपली बाजू सिद्ध केली का ते बघा. निबंधकांच्या टेबलावर एकाच संस्थेची फायलींची चळत असते, तेव्हा प्रत्येक खातेउतारा कोण बघणार?

दिवाणी कोर्टात एकतर्फी हुकूमनामा झाला तर माणसाला निदान दार असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 13 खाली तो त्याच कोर्टात अर्ज करतो, समन्स नीट बजावलं नव्हतं किंवा येता न येण्याला पुरेसं कारण होतं हे दाखवतो, आणि हुकूमनामा रद्द होऊन दावा पुन्हा चालतो. मुदत तीस दिवसांची. पण समन्स रीतसर बजावलेलं नसेल तर हे तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 123 मध्ये तर पुढे जाऊन म्हटलं आहे की वर्तमानपत्रात छापून किंवा दारावर चिकटवून केलेली पर्यायी बजावणी या कामासाठी रीतसर बजावणी धरायची नाही. हा कायदा लिहिणाऱ्याला वर्तमानपत्रातल्या नोटिसीची लायकी नेमकी माहीत होती.

कलम 101 च्या दाखल्याला असं दार नाही. दाखला हा थकबाकीचा अंतिम आणि निर्णायक पुरावा समजला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. दाद मागायची तर कलम 154 खाली पुनरीक्षण अर्ज. त्याला मुदत दोन महिने, आणि अर्ज ऐकून घेण्याआधी वसुलीच्या एकूण रकमेचे 50 टक्के संस्थेकडे भरायचे. माझ्या पक्षकारावरची रक्कम व्याज धरून चार लाखांवर गेली होती. म्हणजे "मला नोटीस मिळाली नाही" हे एक वाक्य बोलायला त्याला दोन लाख रुपये मोजायचे होते. ज्याचा पगार जप्त झाला आहे, त्याने! हायकोर्टात रिट करता येते, हे मलाही माहीत आहे. पण शिपायाला मुंबई हायकोर्टातल्या वकिलाची फी परवडते असं समजून कायदा चालवायचा असेल तर मग बोलणंच खुंटलं.

50 टक्क्यांची अट विधिमंडळाने घातली आहे, ती काढणं तुमच्या हातात नाही. उगाच पुनरीक्षण लावून वसुली लोंबकळत ठेवणाऱ्यांसाठी ती आहे, आणि अशी मंडळी कमी नाहीत. पण जो सुनावणीला आला, हरला आणि मग वर गेला, आणि ज्याला सुनावणी होती हेच माहीत नव्हतं, या दोघांना एकाच दराने तिकीट लावणं हा न्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ग्रिंडलेज बँकेच्या खटल्यात एक गोष्ट स्पष्ट केली होती : औद्योगिक न्यायाधिकरणाने एखाद्या पक्षाच्या गैरहजेरीत निवाडा दिला आणि त्या पक्षाला येता न येण्याचं पुरेसं कारण होतं असं पुढे आलं, तर न्यायाधिकरण स्वतःच तो एकतर्फी निवाडा बाजूला ठेवू शकतं. हा निकालाचा फेरविचार नव्हे, चुकलेली प्रक्रिया दुरुस्त करणं आहे. हेच तत्त्व निबंधकांना का लागू होऊ नये? बहुतेक निबंधक "आम्हाला अधिकार नाही, वर जा" म्हणून हात वर करतात. तुमच्या कार्यालयाने विधी विभागाचं मत घेऊन याबाबत परिपत्रक काढलं तर या माणसांना निदान खालीच, पैसे न भरता, आपलं एक वाक्य बोलता येईल.

आता त्या जाहीर नोटिसींबद्दल. मुंबईतल्या मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर त्या येतात. अर्ध्या पानाचं कोष्टक, बारीक टाईप. अनुक्रमांक, अर्जदार संस्थेचं नाव, दावा क्रमांक, जाब देणार, रक्कम. खाली मजकूर ठरलेला : रजिस्टर पोस्टाने समन्स पाठवलं पण रुजू झालं नाही, नवा पत्ता उपलब्ध नाही, सबब अमुक तारखेला स्वतः जातीने हजर राहावे, न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत सुनावणी घेण्यात येईल. 'नवा पत्ता उपलब्ध नाही' हे वाक्य ज्यांच्याबाबत छापलं जातं त्यांतल्या किती जणांचे मोबाईल नंबर, आधार आणि पगाराचे दाखले त्याच संस्थेच्या केवायसीच्या कप्प्यात असतील? हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी सकाळी वसुलीचा फोन बरोबर लागतो. समन्सच्या वेळी मात्र नंबर हरवतो.

ग्रामीण भागात तऱ्हा वेगळी. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागतं ते गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. त्या पाच महिन्यांत पाठवलेली नोटीस 'डोअर लॉक' म्हणून परत येणारच, आणि माणूस उन्हाळ्यात गावी परततो तोवर सातबाऱ्याच्या इतर हक्कात संस्थेचा बोजा चढलेला असतो. शेवरी-बोरीच्या कुंपणातलं दीड एकर, त्यावर बोजा. तलाठ्याकडे उतारा काढायला जाईपर्यंत त्याला गंधवार्ता नसते.

आणखी एक गोष्ट थोडी अवघड आहे, पण लिहितो. या नोटिसांखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यापुढे कधीकधी कंसात 'परसेवा' असं छापलेलं असतं. म्हणजे अधिकारी सरकारचे, पण नेमणुकीने पतसंस्थांच्याच फेडरेशनकडे. त्या अधिकाऱ्यांच्या सचोटीबद्दल मला एक शब्दही बोलायचा नाही. माझ्या अनुभवात त्यांतले काही नेहमीच्या कार्यालयातल्यांपेक्षा जास्त काळजीने कागद बघणारे निघाले. पण अर्जदार पतसंस्था, आणि निवाडा करणाऱ्याचं टेबल पतसंस्थांच्या महासंघात, ही मांडणीच जाब देणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारी आहे. खासगी लवादाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सांगितलं की वादाच्या निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये. कलम 101 चा निबंधक हा लवाद नाही हे मान्य, पण त्या निकालामागची शंका इथेही तेवढीच लागू आहे. अशा ठिकाणी तर नोटीस बजावणीचा कागद दुप्पट कडक हवा.

हे दुखणं आपल्याच नशिबी आलंय असं नाही. अमेरिकेत कर्जवसुलीच्या दाव्यांवर प्यू या संस्थेने 2020 मध्ये अहवाल काढला. जिथली आकडेवारी मिळाली तिथे गेल्या दशकातले 70 टक्क्यांहून जास्त दावे एकतर्फीच निकाली निघाले होते, आणि वकील मिळालेले प्रतिवादी दहा टक्क्यांहूनही कमी. न्यूयॉर्कमध्ये तर समन्स बजावणाऱ्या खासगी कंपन्यांची माणसं घरी न जाताच बजावणीची शपथपत्रं करत असल्याचं उघड झालं आणि 2009 मध्ये तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलनी एक लाखाहून जास्त एकतर्फी निकाल रद्द करावेत म्हणून दावा लावला. तिथली व्यवस्था आदर्श आहे असं अजिबात नाही. पण कुणीतरी मोजलं, म्हणून एक लाख हा आकडा बोलता आला. महाराष्ट्रात वर्षाला 101 चे किती दाखले निघतात, त्यांतले किती एकतर्फी, आणि त्यांतही किती फक्त जाहीर नोटिशीवर, असा तक्ता तुमच्या संकेतस्थळावर मला आढळला नाही. तालुकानिहाय तो टाकला तर एखाद्या कार्यालयात शंभरातले पंचाण्णव जण गैरहजर का राहतात, हे विचारायला वकील लागणार नाही.

परिपत्रकात काय असावं हे सांगणं आगाऊपणाचं होईल, तरी सांगतो. अर्ज दाखल करतानाच संस्थेने शपथेवर लिहून द्यावं की कर्जदाराचा आणि प्रत्येक जामीनदाराचा तिच्या फायलीत असलेला प्रत्येक पत्ता, नोकरीच्या ठिकाणासह, आणि प्रत्येक मोबाईल नंबर तिने दिला आहे. नोटीस त्या सगळ्या ठिकाणी जावी. नोकरदार असेल तर कार्यालयप्रमुखामार्फतही. संस्थेला जप्तीच्या वेळी नवा पत्ता 'सापडला', जो अर्जात नव्हता, तर वसुली अधिकाऱ्याने तिथेच थांबून प्रकरण निबंधकांकडे परत पाठवावं. हा एक नियम केला तरी निम्मं काम होईल, कारण पत्ता लपवण्यातला फायदाच संपेल. जाहीर नोटीस द्यायचीच असेल तर माणूस जिथे शेवटचा राहत होता किंवा काम करत होता तिथल्या दैनिकात द्यावी, दिवाणी संहितेत तसंच आहे. साताऱ्याच्या माणसाला मुंबईच्या पेपरात शोधू नये. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा जुने छापील नमुने तसेही बदलावे लागणारच. त्याच वेळी पाकिटाचा ट्रॅकिंग उतारा आणि पोस्टमनचा शेरा दाखल्याच्या प्रकरणात लावणं सक्तीचं करता येईल. आणि दाखल्यात खातेउताऱ्याची तपासणी केल्याची नोंद हवी : मुद्दल किती, व्याजदर कोणत्या कागदावरून, तारणाची विक्री कधी झाली आणि जमा कधी झाली. चार ओळी पुरतात.

पतसंस्थांचे अध्यक्ष म्हणतील, यात वसुली रखडेल. माझ्या पतसंस्थांच्या पक्षकारांना मी उलट सांगत आलो आहे. कच्च्या नोटिशीवर मिळवलेला दाखला हायकोर्टात उडतो तेव्हा चार वर्षं आणि वसुली दोन्ही जातात. पंधरा दिवस जास्त घालवून जामीनदाराला टेबलासमोर बसवलं तर पुष्कळदा तिथेच हप्ते ठरतात, आणि तो कर्जदाराला शोधून काढायला संस्थेपेक्षा जास्त धावतो. शेवटी गळा त्याचा अडकलेला असतो.

हे पत्र कुणी जामीनदारही वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठी एवढंच : "पाकीट घेऊ नकोस, म्हणजे केसच उभी राहत नाही" हा गावात फिरणारा सल्ला साफ खोटा आहे. 'रिफ्यूज्ड' असा शेरा आला की नोटीस बजावली असंच धरलं जातं. पाकीट घ्या, तारखेला जा, आणि पहिल्याच तारखेला कर्जाच्या सगळ्या कागदांच्या नकला लेखी मागा. घर बदललं तर संस्थेला पत्र द्या आणि पोच घ्या. पुढे वाद झाला तर हा एकच कागद तुमच्या बाजूने बोलेल.

महोदय, वर सांगितलेल्या जामीनदाराचा अर्ज मी निबंधकांकडे दिला आहे. एकतर्फी दाखला मागे घेऊन प्रकरण फेरसुनावणीला घ्यावं अशी विनंती आहे, सोबत चाळ पाडल्याचं पत्र, बदलापूरचा भाडेकरार आणि फायलीतल्या पगाराच्या दाखल्याची नक्कल जोडली आहे. अधिकार नाही असं उत्तर येईल याची तयारी ठेवली आहे. तोवर पगारातली कपात चालू आहे. आपल्या कार्यालयाकडून या पत्राला उत्तर आलं, तर ते मी त्या अर्जाला जोडून दाखल करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
तालुका कोर्टातला एक वकील